शाळेची सक्ती आणि घरचे शिक्षण : कोस्टा रिकाच्या कायद्यातील मौन

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा जेमतेम पन्नास लाख वस्तीचा देश. १ डिसेंबर १९४८ रोजी तेथील तत्कालीन सत्ताधारी मंडळाचे प्रमुख होसे फिगेरेस यांनी राजधानी सान होसे येथील बेयाव्हिस्ता लष्करी ठाण्याच्या भिंतीवर हातोड्याचा घाव घातला आणि देशाचे सैन्य बरखास्त झाल्याची घोषणा केली. त्या ठाण्याच्या इमारतीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. पुढील वर्षी, म्हणजे ७ नोव्हेंबर १९४९ रोजी संमत झालेल्या राज्यघटनेच्या १२व्या कलमाने कायमस्वरूपी सैन्यावर बंदी घातली. तेव्हापासून सैनिकांपेक्षा शिक्षकांवर अधिक विश्वास टाकणारे राष्ट्र अशी या देशाची प्रतिमा तयार झाली आणि तेथील नागरिकांनीही ती अभिमानाने जपली.

अशा या देशात एखाद्या आईवडिलांनी आपल्या मुलास शाळेत न घालता घरीच शिकवावयाचे ठरविले, तर त्यांना कायद्याचा आधार मिळतो काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वारंवार पुढे येत आहे. कोरोनाच्या साथीत सर्वच मुले घरी बसून शिकली. त्यानंतर परदेशातून येऊन तेथे राहणाऱ्या, दूरस्थ पद्धतीने काम करणाऱ्या कुटुंबांची भर पडली. सरकारी शिक्षणाच्या दर्जाविषयीची चिंताही वाढली. या सर्वांमुळे गृहशिक्षणाचा विषय काही मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. मात्र या प्रश्नाचे सरळ उत्तर तेथील कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. घरी शिकविण्यास परवानगी देणारी, त्यासाठी नोंदणी व मूल्यमापनाची पद्धत ठरवून देणारी स्वतंत्र तरतूद त्या देशात नाही. दुसऱ्या बाजूला शाळेची सक्ती मात्र थेट राज्यघटनेत आहे. या दोहोंमधील पोकळीचा भार कोणावर पडतो, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येत नाही.

दीडशे वर्षांची सक्ती

कोस्टा रिकातील शिक्षणसक्तीचा इतिहास जुना आहे. हेसूस हिमेनेस हे राष्ट्राध्यक्ष असताना १८६९ साली आलेल्या राज्यघटनेने मुलगा आणि मुलगी या दोघांसाठीही प्राथमिक शिक्षण सक्तीचे, मोफत आणि राष्ट्राच्या खर्चाने देण्याचे ठरविले. त्या काळी जगातील फार थोड्या देशांनी मुलींचा असा स्पष्ट उल्लेख आपल्या घटनेत केला होता. पुढे १८८६ साली शिक्षणमंत्री माऊरो फेर्नान्देस यांच्या पुढाकाराने सार्वत्रिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा ही संस्था चर्च व स्थानिक पुढारी यांच्या हातून शासनाच्या देखरेखीखाली आली.

१९४९च्या घटनेचे ७८वे कलम ही या परंपरेची पुढची पायरी होय. मूळ तरतुदीत केवळ प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. १९७३ साली ही सक्ती नववीपर्यंतच्या सामान्य मूलभूत शिक्षणास लागू झाली. १९९७ साली पूर्वप्राथमिक शिक्षणाचा तीत समावेश झाला. २०११ सालच्या दुरुस्तीने माध्यमिक शिक्षणाचा शेवटचा टप्पाही सक्तीच्या कक्षेत आला. त्याच दुरुस्तीने शिक्षणावरील सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ८ टक्क्यांहून कमी असू नये, असे बंधन घातले. म्हणजे बालवाडीपासून शालान्त प्रमाणपत्रापर्यंतचा संपूर्ण प्रवास तेथे सक्तीचा आहे. १९९८ सालच्या बाल व किशोरवयीन संहितेने हीच तरतूद मुलाचा हक्क म्हणून पुन्हा नोंदविली आणि पंधरा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली.

या सक्तीमागील सामाजिक कारण समजून घेणे आवश्यक आहे. कोस्टा रिकाची अर्थव्यवस्था दीर्घकाळ कॉफीवर उभी होती. तेथील शालेय वर्ष साधारणपणे फेब्रुवारीत सुरू होऊन डिसेंबरात संपते आणि मोठी सुटी कॉफीच्या तोडणीच्या हंगामात येते. मळ्यात आईबापांबरोबर मुलांचेही हात लागत. अशा समाजात ‘मूल घरी आहे’ या वाक्याचा अर्थ ‘मूल शिकत आहे’ असा न होता ‘मूल राबत आहे’ असा होण्याचाच संभव अधिक होता. सक्तीच्या कायद्याने मुलाला मळ्यातून वर्गात आणले, ही गोष्ट तेथील जनमानसात खोलवर रुजलेली आहे. शाळेबाहेरच्या शिक्षणाकडे तेथील शासन संशयाने पाहते, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

स्वातंत्र्य आहे, पण कशाचे?

गृहशिक्षणाचे समर्थक घटनेच्या ७९व्या कलमाकडे बोट दाखवितात. हे कलम शिक्षणाच्या स्वातंत्र्याची हमी देते. परंतु त्याच कलमाचे पुढचे वाक्य असे सांगते की, प्रत्येक खासगी शिक्षणसंस्था शासनाच्या तपासणीच्या अधीन राहील. या दोन वाक्यांचा एकत्रित अर्थ लावल्यास स्वातंत्र्याचे स्वरूप स्पष्ट होते. खासगी शाळा काढण्याचे, तीत आपल्या विचारसरणीनुसार शिकविण्याचे आणि पालकांनी अशी शाळा निवडण्याचे ते स्वातंत्र्य आहे. शाळा या संस्थेच्याच बाहेर राहण्याची मुभा त्यातून आपोआप निघत नाही.

या मर्यादेच्या आत मोकळीक मात्र बरीच आहे. सान होसे आणि परिसरात अमेरिकी, युरोपीय तसेच आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकविणाऱ्या खासगी शाळा आहेत. धार्मिक संस्थांच्या शाळा आहेत. माँतेव्हेर्दे येथील उदाहरण तर विशेष बोलके आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील क्वेकर पंथीयांची काही कुटुंबे १९५१ साली तेथे स्थायिक झाली. या पंथास युद्ध निषिद्ध असल्याने त्यांच्यातील काही तरुणांनी लष्करभरतीसाठी नाव नोंदविण्यास नकार दिला होता आणि त्याबद्दल तुरुंगवासही भोगला होता. सैन्य नसलेला देश म्हणून त्यांनी कोस्टा रिकाची निवड केली. धुक्याच्या जंगलात वस्ती करून राहिलेल्या या लोकांनी आपल्या मुलांसाठी स्वतःची शाळा काढली. आपल्या सरकारचा लष्करी कायदा न मानणाऱ्या या मंडळींनीही शिक्षणाच्या बाबतीत शाळा हीच वाट स्वीकारली. कोस्टा रिकाच्या घटनेला जे स्वातंत्र्य अभिप्रेत आहे, त्याचा हा नमुना म्हणता येईल.

शिकविल्या जाणाऱ्या विषयांबाबतही पालकांना काही प्रमाणात आपले म्हणणे मांडता येते. घटनेच्या ७५व्या कलमानुसार कॅथलिक धर्म हा तेथील शासनाचा धर्म आहे. सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास असतो, परंतु पालकांच्या मागणीवरून मुलास त्यातून सूट मिळते. लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम आला तेव्हा घटनापीठाने २०१२ साली पालकांच्या हरकतीची दखल घेऊन अशीच सूट देण्याचा मार्ग मोकळा केला. २०१८ सालच्या आरंभी याच विषयावरून पुन्हा मोठा वाद झाला, काही ठिकाणी पालकांनी शाळांसमोर निदर्शने केली आणि त्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतही हा मुद्दा गाजला. या सर्व घटनांतून एक सूत्र दिसते. पालक शाळा निवडू शकतात, एखाद्या तासावर हरकत घेऊ शकतात, पण मुलाला शाळाव्यवस्थेच्या नजरेबाहेर नेण्याचा अधिकार त्यांना बहाल केलेला नाही.

शिक्षक घरी येतो तेव्हा

यावरून कोस्टा रिकाच्या शासनाचा ‘घर’ या जागेलाच विरोध आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. किंबहुना रेडिओच्या माध्यमातून शिक्षण घरोघरी पोहोचविण्याचा प्रयोग या देशाने फार पूर्वी केला. १९७३ साली स्थापन झालेल्या नभोवाणी शिक्षण संस्थेने ‘घरचा शिक्षक’ अशा अर्थाचे नाव असलेला कार्यक्रम चालविला. दुर्गम खेड्यांतील आणि अर्धवट शाळा सोडलेल्या हजारो लोकांनी रेडिओवरील पाठ आणि छापील पुस्तके यांच्या साह्याने परीक्षांची तयारी केली. १९७७ साली सरकारी दूरशिक्षण विद्यापीठ स्थापन झाले. दीर्घ आजारामुळे शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी रुग्णालयात शिकविण्याची सोयही आहे.

कोरोनाच्या साथीत तर संपूर्ण देशच घरी शिकला. मार्च २०२० मध्ये शाळांचे वर्ग बंद झाले आणि शिक्षण मंत्रालयाने ‘घरी शिकतो’ अशा अर्थाच्या नावाने दूरस्थ शिक्षणाची योजना राबविली. सरकारी दूरचित्रवाणीवरून पाठ प्रसारित झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये वर्ग पुन्हा भरू लागले, तरी त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस संसर्ग वाढल्याने काही आठवडे ते पुन्हा थांबवावे लागले.

या सर्व उपक्रमांत मूल घरी होते, पण त्याचे नाव शासनाच्या पटावर होते. त्याने काय शिकले याची नोंद कोणीतरी ठेवीत होते. तेथील कायद्याच्या दृष्टीने हाच निर्णायक फरक आहे. मूल कोणत्या छपराखाली बसते, यापेक्षा त्याच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाच्या नावे नोंदलेली आहे आणि त्याची पडताळणी कोण करतो, याला तेथे महत्त्व आहे.

प्रमाणपत्राचा अडसर

प्रत्यक्ष व्यवहारात घरी शिकलेल्या मुलासमोरील खरी अडचण प्रमाणपत्राची असते. विद्यापीठातील प्रवेशासाठी आणि बहुतेक औपचारिक नोकऱ्यांसाठी माध्यमिक शिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. घरी मिळविलेल्या ज्ञानाला शिक्षण मंत्रालय आपोआप मान्यता देत नाही. त्यामुळे अशा कुटुंबांपुढे साधारणपणे तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग मुक्त शिक्षणाच्या परीक्षांचा. ठरावीक विषयांच्या सरकारी परीक्षा देऊन प्राथमिक, निम्नमाध्यमिक किंवा माध्यमिक पातळीचे प्रमाणपत्र त्याद्वारे मिळविता येते. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेस खासगीरीत्या बसणाऱ्यांना परिचित असलेल्या १७ क्रमांकाच्या अर्जाशी या सोयीचे दुरून नाते सांगता येईल. परंतु तेथील ही व्यवस्था प्रामुख्याने प्रौढांसाठी आणि शाळा सुटलेल्या तरुणांसाठी उभी राहिली आहे. तिला किमान वयाच्या अटी आहेत. परिणामी आठ-दहा वर्षांच्या मुलाचे वर्षागणिक मूल्यमापन करून घेण्यासाठी तिचा उपयोग होत नाही. ज्या वयात शाळेची सक्ती सर्वांत कडक, नेमक्या त्याच वयात हा पर्याय उपलब्ध नाही.

दुसरा मार्ग परदेशी दूरस्थ शाळेचा. अमेरिकेतील एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत नाव नोंदवून घरी अभ्यास करावयाचा आणि शेवटी त्या संस्थेचे प्रमाणपत्र घ्यावयाचे, ही पद्धत परदेशी कुटुंबांत अधिक दिसते. अमेरिकेच्या सर्व पन्नास राज्यांत १९९३ पासून गृहशिक्षण कायदेशीर आहे. त्यामुळे त्या देशात अशा संस्थांचे मोठे जाळे तयार झाले आहे. मात्र हे प्रमाणपत्र कोस्टा रिकात चालवावयाचे झाल्यास त्यावर अधिकृत शिक्का, भाषांतर आणि मंत्रालयाकडून समकक्षता मिळविणे आले. त्यास खर्च येतो आणि स्वीकृतीची खात्री आधीपासून देता येत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे मुलाला पुन्हा शाळेत घालणे. मधल्या वर्षांची शालेय नोंद नसल्याने त्याला कोणत्या इयत्तेत बसवायचे, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. मुलाची तयारी वरच्या इयत्तेची असली, तरी ती दाखविणारा कागद त्याच्याजवळ नसतो.

एकच कायदा, दोन अनुभव

कायदा मौन बाळगतो तेव्हा त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. कोस्टा रिकाने २०२१ साली दूरस्थ पद्धतीने काम करणाऱ्या परदेशी व्यावसायिकांना आकर्षित करणारा कायदा केला. ठरावीक मासिक उत्पन्न दाखविणाऱ्या अशा व्यक्तीस कुटुंबासह वर्षभर आणि पुढे मुदतवाढ घेऊन राहता येते. किनारपट्टीवरील गावांत अशी कुटुंबे वाढली आहेत. त्यांच्यापैकी जी मुलांना घरी शिकवितात, त्यांना कायद्याची झळ सहसा लागत नाही. ती तात्पुरती रहिवासी असतात, त्यांची मुले स्थानिक पटावर कधीच आलेली नसतात आणि पुढील शिक्षण मायदेशी होणार असल्याने स्थानिक प्रमाणपत्राची त्यांना गरज भासत नाही.

स्थानिक नागरिकाची परिस्थिती निराळी आहे. त्याच्या मुलाचे नाव एकदा पटावर आले की गैरहजेरी नोंदली जाते. शाळागळती रोखण्यासाठी शिक्षण मंत्रालयाने धोक्यात असलेल्या विद्यार्थ्यांचा वेळीच शोध घेण्याची यंत्रणा उभी केली आहे. १९३० साली स्थापन झालेली राष्ट्रीय बालसंरक्षण संस्था मुलाच्या हक्कांची पायमल्ली होत असल्याची शंका आल्यास हस्तक्षेप करू शकते. २००६ साली सुरू झालेल्या ‘आव्हान्सेमोस’ योजनेखाली गरीब कुटुंबांतील माध्यमिक विद्यार्थ्यांना दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य शाळेत टिकून राहण्याच्या अटीवर दिले जाते. म्हणजे ज्या कुटुंबाचे शासनाशी नाते जितके निकटचे, तितकी शाळेची सक्ती त्याला अधिक जाणवते. घरी शिकविण्याचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात पारपत्र आणि बँकेतील शिल्लक यांवर अवलंबून राहते. घटनेने सर्वांना समान मानले असले, तरी हा भेद कायद्याच्या मौनातून निर्माण झालेला आहे.

यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. २०१८ साली शिक्षकांचा सुमारे तीन महिन्यांचा संप झाला. त्यानंतरच्या वर्षी पुन्हा व्यत्यय आले आणि पाठोपाठ साथ आली. देशातील शिक्षणस्थितीचा आढावा घेणाऱ्या अभ्यासगटाने २०२१ सालच्या आपल्या अहवालात या संपूर्ण कालखंडाचे वर्णन ‘शैक्षणिक अंधार’ अशा आशयाच्या शब्दांत केले. शिक्षणावरील खर्चही घटनेने ठरविलेल्या ८ टक्क्यांच्या बराच खाली राहिला आहे. शासन आपला शब्द पाळत नाही, मग आम्ही मात्र मुलाला त्याच शाळेत का पाठवावे, असा सवाल काही पालक करतात. या सवालातील त्रागा समजण्याजोगा आहे. परंतु सरकारी शाळा कमकुवत झाल्या की त्यांची सर्वाधिक गरज असलेल्या मुलांना घरी शिकविणारे सुशिक्षित आणि सवड असलेले आईवडील नसतात, हेही तितकेच खरे आहे.

शेजारी देश आणि आंतरराष्ट्रीय करार

मध्य अमेरिकेतील इतर देशांच्या घटनांत पालकांच्या अधिकाराचा उल्लेख अधिक ठळक आहे. ग्वातेमालाच्या १९८५ सालच्या घटनेचे ७३वे कलम कुटुंबास शिक्षणाचा स्रोत म्हणते आणि मुलांना कोणते शिक्षण द्यावे हे ठरविण्याचा अधिकार पालकांना देते. लगेच पुढचे ७४वे कलम मात्र मूलभूत शिक्षण घेणे हा हक्क तसेच कर्तव्य असल्याचे सांगते. एल साल्व्हादोरच्या १९८३च्या आणि होंडुरासच्या १९८२च्या घटनांतही पालकांच्या निवडीस अग्रक्रम देणारी वाक्ये आहेत. इंग्रजी भाषिक बेलीझने तर एका समाजाशी थेट करारच केला. १९५८ साली तेथे येऊन वसलेल्या मेनोनाइट पंथीयांना तत्कालीन सरकारने आदल्या वर्षीच्या करारान्वये स्वतःच्या शाळा स्वतःच्या पद्धतीने चालविण्याची मुभा दिली. या सर्व ठिकाणी पालकांचा अधिकार आणि मुलाचे शिक्षण सक्तीचे करण्याची शासनाची भूमिका यांत ओढाताण दिसते. कोस्टा रिकाच्या घटनेने शासनाचे पारडे अधिक जड ठेवले आहे, एवढाच फरक.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या संदर्भात कोस्टा रिकाचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. अमेरिका खंडातील मानवी हक्कांचा मूलभूत करार १९६९ साली सान होसे येथेच झाला आणि त्या शहराच्याच नावाने तो ओळखला जातो. त्यावर आधारलेले आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयही १९७९ पासून त्याच शहरात आहे. आपल्या श्रद्धेनुसार मुलांना धार्मिक व नैतिक शिक्षण मिळावे, हा पालकांचा अधिकार त्या कराराचे १२वे कलम मान्य करते. १९८८ सालचा सान साल्व्हादोर येथील पूरक करार एकीकडे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत ठेवण्यास सांगतो आणि दुसरीकडे शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा पालकांचा अधिकार मान्य करतो. मात्र ही निवड कराराच्या तत्त्वांशी सुसंगत असावी, अशी अटही त्यात आहे.

इतर देशांतील न्यायालयांनी या ओढाताणीचा निकाल वेगवेगळ्या पद्धतीने लावला आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६ साली जर्मनीतील शाळेची सक्ती ग्राह्य मानली. स्पेनच्या घटना न्यायालयाने २०१० साली शाळेच्या सक्तीमुळे घटनेचा भंग होत नाही असे ठरविले. मात्र संसदेने हवे तर वेगळी पद्धत आणावी, ही शक्यता खुली ठेवली. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये असे सांगितले की, गृहशिक्षण मुळातच घटनाविरोधी नाही, परंतु त्याचे नियमन करणारा कायदा झाल्याखेरीज ते करता येणार नाही. स्पॅनिश आणि पोर्तुगीज कायद्याच्या परंपरेतील हे दोन्ही निकाल कोस्टा रिकासाठी अधिक जवळचे आहेत. या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने नव्हे, तर लोकप्रतिनिधींनी द्यावयाचे आहे, हा त्यांचा मथितार्थ होय.

भारतातील साम्य

भारतीय वाचकांना ही परिस्थिती अगदीच अपरिचित वाटणार नाही. २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्यानुसार झालेला २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्या कायद्याचे १०वे कलम सांगते, पण कर्तव्यात कसूर करणाऱ्या पालकास त्यात शिक्षा नाही. गृहशिक्षणाचा उल्लेखही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांचा मार्ग मात्र उपलब्ध आहे आणि घरी शिकविणारी बरीच कुटुंबे त्याचा अवलंब करतात. म्हणजे दोन्ही देशांचे कायदे गृहशिक्षणाविषयी गप्प आहेत. भारतात या मौनाला परीक्षेचे एक दार आहे, कोस्टा रिकात लहान मुलांसाठी ते दार बंद आहे.

मराठी भाषिकांना सक्तीच्या शिक्षणाची बाजूही चांगली ठाऊक आहे. सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात १९०६ साली आणि शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ साली ते लागू केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या शाळेचा उंबरठा ओलांडू दिला गेला नाही, त्यांच्यासाठी सक्ती हा जाच नव्हता. कोस्टा रिकातील मळेकामगाराच्या घरीही हीच भावना होती आणि म्हणूनच सक्ती सैल करण्याच्या प्रस्तावाकडे तेथील अनेक लोक साशंकतेने पाहतात.

नोंद हाच मध्यम मार्ग

सक्तीचा हेतू राखून गृहशिक्षणास जागा देणे अशक्य नाही. चिलीमध्ये शाळेबाहेर शिकणारी मुले सरकारी खुल्या परीक्षा देऊन इयत्तांची मान्यता मिळवितात. पोर्तुगालमध्ये घरी शिकणाऱ्या मुलाचे नाव एखाद्या शाळेत नोंदवावे लागते. फ्रान्सने उलट दिशेने जात २०२१च्या कायद्याने पूर्वीची केवळ कळविण्याची पद्धत बदलली आणि २०२२ सालच्या शालेय वर्षापासून पूर्वपरवानगी आवश्यक केली. या तिन्ही पद्धतींत कडकपणाचे प्रमाण वेगवेगळे असले, तरी मूल शासनाला दिसत राहते आणि त्याच्या हाती शेवटी एक मान्य कागद पडतो.

स्वतःच्याच व्यवस्थेत असा पर्याय निर्माण करता येतो, हे कोस्टा रिकाने अन्य क्षेत्रांत दाखवून दिले आहे. २०१३ साली आदिवासी समाजांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र उपव्यवस्था पुन्हा बांधण्यात आली आणि स्थानिक आदिवासी मंडळांना शिक्षणविषयक निर्णयांत स्थान मिळाले. एकाच साच्याची शाळा सर्वांना पुरेशी नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. गृहशिक्षणाबाबत असा विचार करावयाचा झाल्यास नोंदणी, ठरावीक काळाने मूल्यमापन, लहान वयातही देता येईल अशी परीक्षा आणि शाळेत परतण्याचा खुला मार्ग, या चार गोष्टींची तरतूद पुरेशी ठरू शकेल. त्याचबरोबर मुलाचे स्वतःचे म्हणणे ऐकून घेण्याची सोयही हवी. पालक आणि शासन यांच्या वादात शिकणारे मूल हा तिसरा पक्ष असतो आणि १९९८च्या संहितेने त्याला हक्काचा धनी मानले आहे.

सध्याच्या स्थितीत पालकांनी घेतलेल्या निर्णयाची किंमत मुलाला पुढे मोजावी लागते. ज्या मुलाला घरी चांगले शिकविले गेले, त्याच्याजवळ ते सिद्ध करणारा पुरावा नसतो. ज्याला घरी काहीच शिकविले गेले नाही, त्याची उणीव वेळीच कोणाच्या लक्षात येत नाही. कायद्याच्या मौनामुळे या दोन्ही मुलांचे सारखेच नुकसान होते. दीडशे वर्षांपूर्वी मुलींचा स्पष्ट उल्लेख करून शिक्षण सक्तीचे करणाऱ्या देशाच्या संसदेने घरी शिकणाऱ्या मुलांविषयीही एकदा स्पष्ट भूमिका घ्यावी, ही अपेक्षा त्यामुळेच रास्त ठरते.